परराज्यातील अतिवेगाचे चलन आणि वाहनचालकापुढील पर्याय : वसई–वापी महामार्गाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

आपल्या राज्याबाहेर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल चलन झाले तर वाहनचालकाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यावहारिक वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी कायद्याची एकता आणि न्यायालयाचे अंतर यांतील जुना विसंवाद आहे. वसई तालुक्यातील पापडी हे गाव केंद्रस्थानी ठेवून, मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील राज्यसीमेची घडण, मोटार वाहन कायद्यांतील तरतुदी आणि आजचे पर्याय यांचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे. अतिवेगाचा गुन्हा देशभर एकाच कायद्याखाली येतो. मात्र तो नाकारण्याचा खर्च घरापासून न्यायालयापर्यंतच्या अंतरावर ठरतो, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

१. प्रास्ताविक

वसईचा इतिहास म्हटला की १७३९ सालची चिमाजी अप्पांची मोहीम आणि १८०२ सालचा तह या दोन घटना अभ्यासकांच्या नजरेसमोर प्रथम येतात. रस्ता, वाहन, चालक आणि दंड हे विषय इतिहासलेखनात सहसा स्थान मिळवीत नाहीत. वास्तविक सामान्य माणसाचा राज्यसंस्थेशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुधा अशाच किरकोळ प्रसंगांतून येत असतो. उभ्या आयुष्यात न्यायालयाची पायरी न चढलेला मनुष्यही एखाद्या चलनामुळे आरोपी ठरतो. म्हणूनच ह्या 'किरकोळ' गुन्ह्याचा इतिहास किरकोळ मानता येत नाही.

पापडी हे वसई पश्चिमेकडील गाव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. येथील वाहनास महामार्ग गाठावयाचा तर रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेस जावे लागते. पुढे पेल्हार, विरार फाटा, शिरसाड, खानिवडे, मनोर, चारोटी, तलासरी अशी ठिकाणे मागे टाकीत अच्छाडच्या पुढे राज्याची सीमा लागते. पलीकडे भिलाड आणि वापी. हे सारे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपासचे. वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून माल घेऊन वापी-सुरतेकडे जाणारा टेम्पोचालक, देवदर्शनास निघालेले कुटुंब, लग्नाचे वऱ्हाड, नोकरीनिमित्त ये-जा करणारा अभियंता, या सर्वांसाठी परराज्य म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता होय. त्यामुळे परराज्यातील चलन हा येथे अपवादात्मक अनुभव नाही.

२. सीमा आधी कोठे होती?

'परराज्य' ह्या शब्दाचा अर्थ ह्या पट्ट्यात कायम एकच राहिलेला नाही. स्वातंत्र्यापूर्वी ठाणे जिल्हा व सुरत जिल्हा हे दोन्ही मुंबई इलाख्याचे भाग होते. त्या काळी वसईहून वापीकडे निघालेल्या माणसाला वाटेत राज्याची सीमा लागत नसे. उलट आज ज्या ठिकाणी सीमा आहे असे कोणास वाटणारही नाही अशा ठिकाणी ती होती. जव्हार हे संस्थान होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानी मुलखात आपोआप लागू होत नसे. दमण तसेच दादरा व नगर हवेली हे प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. म्हणजे वसईकर वाहनचालकास पूर्वेस जव्हारकडे वळल्यास एक परकी सत्ता आणि उत्तरेस दमणकडे वळल्यास दुसरी परकी सत्ता भेटत असे. सरळ सुरतेस गेल्यास मात्र तो आपल्याच इलाख्यात राही.

१९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५४ साली दादरा व नगर हवेली पोर्तुगीजांपासून मुक्त झाली आणि डिसेंबर १९६१ मध्ये दमण भारतात आले. ह्या तीन घटनांनी जुन्या सीमा पुसल्या. नवी सीमा मात्र १ मे १९६० रोजी आखली गेली. १९६०च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाने द्विभाषिक मुंबई राज्याचे महाराष्ट्र व गुजरात असे दोन भाग केले. त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याच्या गावांची यादी आहे. ती गावे गुजरातेत गेली. ३० एप्रिल १९६० रोजी उंबरगावास गेलेला वसईकर आपल्याच जिल्ह्यातील एका तालुक्यात होता. दुसऱ्या दिवशी त्याच गावात तो परराज्यातील मनुष्य ठरला. रस्ता तोच, वाहन तेच. पोलीस ठाणे व न्यायालय मात्र वेगळ्या राज्याचे झाले.

विशेष म्हणजे कायदा तेव्हाही बदलला नाही. मुंबई राज्यात १९५९ साली केलेले मोटार वाहन नियम विभाजनानंतर दोन्ही राज्यांत चालू राहिले. १९८८चा अधिनियम अमलात आल्यावरच महाराष्ट्र व गुजरात या राज्यांनी १९८९ साली आपापले स्वतंत्र नियम केले. म्हणजे ह्या महामार्गावर जवळजवळ तीन दशके दोन राज्ये होती, पण नियमांचे मूळ पुस्तक एकच होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर सीमेपर्यंतचा मुलूख ठाण्याकडून नव्या जिल्ह्याकडे आला. वाहनांच्या नोंदणीतही आज वसईला ठाण्याच्या 'एमएच ०४'ऐवजी 'एमएच ४८' ही स्वतंत्र ओळख आहे. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून एक झाले. आजही एक चमत्कारिक गोष्ट कायम आहे. वापीतील खटला वरच्या पायरीवर गुजरात उच्च न्यायालयाकडे जातो, तर तेथून हाकेच्या अंतरावरील दमणमधील खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

३. एक कायदा, अनेक अंमलदार

मोटार वाहनांसंबंधी अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला कायदा १९१४ साली झाला. त्याआधी प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे होते. मोटार ही गोष्टच मुळी एका प्रांतात न मावणारी असल्याने एकसूत्री कायद्याची गरज लवकर भासली, असे म्हणावे लागेल. त्यानंतर १९३९चा मोटार वाहन अधिनियम आला आणि तो पन्नास वर्षे टिकला. सध्याचा १९८८चा अधिनियम १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्यातील दंडाच्या रकमांत मोठी वाढ करणाऱ्या २०१९च्या दुरुस्तीची अंमलबजावणी १ सप्टेंबर २०१९ पासून सुरू झाली.

राज्यघटनेने यंत्रचलित वाहने हा विषय समवर्ती सूचीत ठेवला, तर पोलीस हा विषय राज्यसूचीत. परराज्यातील चलनाची सारी गुंतागुंत ह्या एका विभागणीत सामावलेली आहे. वेगमर्यादेचा भंग हा गुन्हा कलम ११२ व कलम १८३ यांखाली सर्व देशभर सारखाच आहे. परंतु तो पकडणारा पोलीस एका विशिष्ट राज्याचा असतो, तडजोडीची रक्कम कलम २०० अन्वये ते राज्य ठरविते आणि खटला गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयात चालतो. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १७७चे हे तत्त्व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्येही कायम ठेवण्यात आले आहे.

कमाल वेग ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. मात्र सार्वजनिक सुरक्षेच्या किंवा रस्त्याच्या स्वरूपाच्या कारणास्तव विशिष्ट ठिकाणी त्याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. ६ एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेत मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० कि.मी. आणि दुभाजक असलेल्या चौपदरी वा अधिक पदरी मार्गावर ताशी १०० कि.मी. अशी कमाल मर्यादा दिली होती. मालवाहू वाहनांसाठी ती दोन्हीकडे ८० कि.मी. होती. तथापि प्रत्यक्ष रस्त्यावर फलकाने दर्शविलेली स्थानिक मर्यादा हीच चालकावर बंधनकारक असते. "आमच्याकडे एवढा वेग चालतो" हा परराज्यातील चालकाचा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

दंडाच्या बाबतीत मात्र राज्याराज्यांत फरक पडत गेला. १९८८च्या मूळ अधिनियमात अतिवेगाबद्दल पहिल्या वेळी ४०० रुपयांपर्यंत व पुन्हा घडल्यास १००० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९च्या दुरुस्तीने हलक्या वाहनास १००० ते २००० रुपये आणि मध्यम व जड वाहनास २००० ते ४००० रुपये असा दंड ठरला. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्येच अनेक गुन्ह्यांच्या तडजोडीच्या रकमा खाली आणल्या. महाराष्ट्राने प्रारंभी वाढीव दर लागू करण्याचे टाळले व डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर आणले. कायद्यातील किमान दंडाहून कमी रक्कम राज्यांना ठरविता येणार नाही, असे केंद्राने जानेवारी २०२० मध्ये महान्यायवाद्यांच्या मताच्या आधारे राज्यांना कळविले होते. हा सारा वाद घटनात्मक होता. पण त्याचा प्रत्यय अच्छाड–भिलाडच्या रस्त्यावरील ट्रकचालकास येत होता.

४. वेग सिद्ध कसा करावा?

अतिवेगाबद्दल शिक्षा झालेला पहिला मोटारचालक म्हणून इंग्लंडमधील वॉल्टर अर्नोल्ड याचे नाव घेतले जाते. २८ जानेवारी १८९६ रोजी ताशी दोन मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावरून तो ताशी सुमारे आठ मैलांनी गेला. एका पोलिसाने सायकलवरून त्याचा पाठलाग केला आणि त्याला एक शिलिंग दंड झाला. ह्या गमतीदार वाटणाऱ्या प्रसंगात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. वेग हा डोळ्यांना दिसतो, पण मोजल्याखेरीज सिद्ध होत नाही.

भारतीय कायद्याने ह्या प्रश्नाची दखल घेतली आहे. कलम १८३(३) अन्वये केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणासही अतिवेगाबद्दल दोषी ठरविता येत नाही. ते मत यांत्रिक साधनाने मोजलेल्या वेगावर आधारित असले पाहिजे. २०१९ नंतर त्यात इलेक्ट्रॉनिक साधनाचाही समावेश झाला. त्याच कलमात आणखी एक मार्मिक तरतूद आहे. वेगमर्यादा न मोडता पूर्ण होणे शक्य नाही असे वेळापत्रक मालकाने काढले, वा तशी आज्ञा दिली, तर मालकाने चालकाकडून गुन्हा करविला असे प्रथमदर्शनी मानता येते. सकाळी वसईहून निघून दुपारच्या आत माल पोहोचवावयास सांगितलेला टेम्पोचालक डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे ह्या तरतुदीचे महत्त्व ध्यानी येईल. दुर्दैवाने व्यवहारात चलन चालकाच्या पगारातून कापले जाते आणि वेळापत्रकाची चौकशी होत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्यानुसार वेग मोजणाऱ्या साधनास मान्यतेचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, साधन बसविलेल्या ठिकाणी सूचनाफलक असावा, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवावी, असे ठरले. परराज्यातील चालकाच्या दृष्टीने ह्या चारही गोष्टी मोलाच्या आहेत. कारण घटनास्थळी पुन्हा जाऊन पुरावा गोळा करणे त्याला शक्य नसते. त्याचा बचाव बहुतांशी कागदावरच उभा राहतो.

५. अंतर कमी करण्याचे जुने उपाय

न्यायालय दूर असले की किरकोळ गुन्ह्याची शिक्षा मूळ दंडाहून मोठी होते. चारशे रुपयांच्या दंडासाठी दोन वेळा वलसाड जिल्ह्यात जावयाचे, तर प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि वकिलाची फी मिळून दंडाच्या कितीतरी पट रक्कम होते. कायदा करणाऱ्यांस ह्याची जाणीव होती, हे जुन्या तरतुदींवरून दिसते.

१९३९च्या अधिनियमातील कलम १३० अन्वये, गंभीर गुन्हे वगळता इतर प्रकरणांत, आरोपीस वकिलामार्फत हजर राहण्याची किंवा नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून ठरावीक रक्कम न्यायालयाकडे पाठविण्याची मुभा समन्सवरच लिहून देण्यात येई. काही गुन्ह्यांत परवान्यावर शेरा मारण्यासाठी परवानाही पत्रासोबत धाडावा लागे. १९८८च्या अधिनियमातील कलम २०८ने ही सोय पुढे चालू ठेवली; पत्राऐवजी मनिऑर्डरचा उल्लेख आला. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत समन्सवर हा पर्याय लिहिणे न्यायालयास बंधनकारक केले गेले. अशा रीतीने कबुली देऊन रक्कम भरली की पुढील कारवाई थांबते, आणि ह्या कबुलीमुळे परवाना धारण करण्यास अपात्र ठरविता येत नाही, असेही ह्या कलमात म्हटले आहे. सर्वसाधारण किरकोळ गुन्ह्यांसाठी टपालाने कबुली देण्याची तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम २०६ मध्ये होती. परंतु मोटार वाहन कायद्याखालील गुन्हे त्यातून वगळले होते, कारण त्यांना स्वतःची व्यवस्था आधीच उपलब्ध होती.

दुसरा उपाय पोलिसांच्या बाजूचा होता. परराज्यातील चालक निघून गेला की सापडणार नाही, ही त्यांची रास्त भीती. कलम २०६(२) अन्वये चालक फरार होईल वा समन्स टाळील असे मानण्यास कारण असल्यास पोलीस अधिकारी त्याचा परवाना ताब्यात घेऊन न्यायालयाकडे पाठवू शकतो. त्या बदल्यात तात्पुरती पोचपावती देणे त्याच्यावर बंधनकारक असते आणि पावतीवरील मुदतीपर्यंत त्या पावतीवर वाहन चालविता येते. परवाना हे चालकाच्या पोटापाण्याचे साधन. तो परमुलखातील न्यायालयात अडकला म्हणजे दंड भरून तो सोडवून आणणे हाच व्यवहार्य मार्ग उरे. मग वेग खरोखर किती होता हा प्रश्न कोणी उकरून काढीत नसे. इलेक्ट्रॉनिक चलनपद्धतीमुळे कॅमेऱ्याने टिपलेल्या अतिवेगासाठी परवाना जागेवर काढून घेण्याचे कारण उरले नाही. महाराष्ट्रात २०१९ साली सर्व राज्यासाठी एकच ई-चलन व्यवस्था आली. त्यानंतर चालक सापडणे गौण झाले आणि वाहनाची नोंदणी हीच दंडवसुलीची खूण ठरली.

६. आजचे पर्याय

वसईतील एखाद्या वाहनमालकास गुजरातेतील अतिवेगाचे चलन आले, किंवा वापीच्या चालकास पालघर जिल्ह्यातील चलन आले, तर आज त्याच्यापुढे पुढील मार्ग असतात.

पहिला मार्ग तडजोडीचा. चलन ज्या राज्याचे, त्या राज्याने ठरविलेली रक्कम ऑनलाइन वा अधिकृत अधिकाऱ्याकडे भरली की प्रकरण मिटते. त्यासाठी गुजरातेत जाण्याची गरज नाही. मात्र भरण्यापूर्वी चलनावरील वाहन क्रमांक, छायाचित्र, दिनांक, ठिकाण, नोंदलेला वेग व त्या ठिकाणची मर्यादा पडताळून पाहावी. रक्कम केवळ शासकीय संकेतस्थळावरूनच भरावी. भ्रमणध्वनीवर आलेल्या अनोळखी दुव्यावरून भरू नये.

दुसरा मार्ग तक्रारीचा. वाहन क्रमांक चुकीचा वाचला गेला, बनावट क्रमांकपट्टी लावलेले वाहन दुसऱ्याचेच होते, किंवा वाहन आधीच विकलेले होते, अशा प्रसंगी चलन काढणाऱ्या यंत्रणेकडे पुराव्यासह तक्रार करता येते. विकलेल्या वाहनाची बाब विशेष दक्षतेची आहे. कलम ५० अन्वये हस्तांतरणाची सूचना राज्यांतर्गत विक्रीत १४ दिवसांत आणि राज्याबाहेरील विक्रीत ४५ दिवसांत द्यावी लागते. ती न दिल्यास कागदोपत्री जुनाच मालक राहतो आणि दुसऱ्याच्या वेगाचा हिशेब त्याच्या नावे मांडला जातो. वाहन दुसरे कोणी चालवीत असल्यास, विचारणा झाल्यावर चालकाची माहिती देणे हे कलम १३३ अन्वये मालकाचे कर्तव्य आहे.

तिसरा मार्ग आभासी न्यायालयाचा. दिल्लीत जुलै २०१९ मध्ये वाहतूक चलनांसाठी असे न्यायालय सुरू झाले. महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर येथे 'न्याय कौशल' केंद्राच्या उद्घाटनासोबत त्याचा प्रारंभ झाला. गुजरातेतही ही व्यवस्था आली. येथे चलन पाहून गुन्हा कबूल करता येतो व दंड भरता येतो. जो कबूल करीत नाही त्याचे प्रकरण प्रादेशिक अधिकारक्षेत्र असलेल्या नियमित न्यायालयाकडे जाते.

चौथा मार्ग खटला लढविण्याचा. त्यासाठी वकिलामार्फत हजर राहता येते. प्रत्येक तारखेस स्वतः जाण्यापासून सूट मागता येते. साधनाचे प्रमाणपत्र, सूचनाफलक, नोटिशीचा दिनांक, वेगाची नोंद हे बचावाचे मुद्दे होत. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घेतली पाहिजे, ही फौजदारी प्रक्रियेतील मुदतीची मर्यादाही जुन्या प्रकरणांत उपस्थित करता येते. मात्र ती न्यायालयापुढे मांडावी लागते. चलन आपोआप रद्द झाले असे मानून स्वस्थ बसू नये.

पाचवा मार्ग लोकअदालतीचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली भरणाऱ्या लोकअदालतींत प्रलंबित चलने अलीकडच्या वर्षांत मोठ्या संख्येने ठेवली जातात. तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नसते. परराज्यातील चलनासाठी मात्र सामान्यतः त्या राज्यातील लोकअदालतीकडेच जावे लागते.

सहावा मार्ग दुर्लक्ष करण्याचा. तो सर्वाधिक प्रचलित असला तरी सर्वांत महाग ठरू शकतो. प्रकरण न्यायालयात गेल्यास समन्स व वॉरंट अधिकारक्षेत्राबाहेरही बजावता येतात, आणि दंडवसुलीचे वॉरंटही रीतसर दुसऱ्या जिल्ह्यात पाठविता येते. त्याखेरीज वाहन विकताना वा कागदपत्रांचे नूतनीकरण करताना थकीत चलने आडवी येतात. पुनःपुन्हा अतिवेग केल्यास कलम २०६(४) अन्वये परवाना जप्त करून तो अनुज्ञप्ती प्राधिकरणाकडे पाठविण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये अतिवेगासारख्या गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

ई-चलनाविषयीचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलत आले आहेत. म्हणून मुदतींच्या बाबतीत ऐकीव माहितीपेक्षा हाती आलेल्या चलनावरील मजकूर व त्या वेळचे नियम हेच प्रमाण मानणे हिताचे होय.

७. तुलनात्मक दृष्टिक्षेप

अमेरिकेत स्थिती याच्या उलट आहे. तेथे वाहतुकीचा कायदाच प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. त्यामुळे राज्यांना आपसांत करार करावे लागले. १९६०च्या दशकात चालक परवान्यासंबंधीचा करार आणि १९७७ साली अनिवासी नियमभंजकांसंबंधीचा करार अस्तित्वात आला. दुसऱ्या करारामुळे परराज्यातील चालकास जामिनासाठी अडकवून न ठेवता जाऊ दिले जाते. त्याने चलनाकडे पाठ फिरविली तर त्याचे स्वतःचे राज्य त्याचा परवाना निलंबित करते. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सी राज्यात, बाहेरच्या राज्यातील अशा गुन्ह्याबद्दल परवान्यावर दोन गुण चढतात. युरोपीय संघाने २०१५च्या निर्देशाद्वारे सदस्य देशांत वाहनमालकांच्या माहितीची देवाणघेवाण ठरवून दिली. तेथे कायदे अनेक आणि ते जोडणारे करार एक. आपल्याकडे कायदा एक, पण दर, यंत्रणा आणि न्यायालये अनेक, असा हा भेद आहे.

८. विवेचन

उपरोक्त इतिहासावरून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. १९३९ सालच्या नोंदणीकृत पत्रापासून आजच्या आभासी न्यायालयापर्यंत अंतर कमी करण्याचा जो जो उपाय योजला गेला, तो प्रामुख्याने गुन्हा कबूल करणाऱ्यासाठी होता. पत्र पाठवून कबुली देता येत असे. पत्र पाठवून बचाव करता येत नसे. आजही कबुली घरबसल्या काही क्षणांत देता येते, आणि नकार देताच प्रकरण शंभर किलोमीटर पलीकडच्या न्यायालयात जाऊन पडते. परिणामी जो खरोखर निर्दोष आहे त्यालाही निर्दोषत्वापेक्षा कबुली स्वस्त पडते. ज्याच्याजवळ पैसा व सवड आहे तो लढू शकतो. रोजच्या फेऱ्यांवर पोट असलेला चालक लढू शकत नाही. कायद्यापुढील समानता येथे कायद्याच्या शब्दांत अबाधित राहते, पण रस्त्याच्या लांबीत ती हरवते.

ह्याचा अर्थ वेगमर्यादेचे महत्त्व कमी लेखावे असा मुळीच नाही. याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले आणि ह्या रस्त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. ज्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत अशा कित्येकांचे प्राण ह्या रस्त्याने घेतले आहेत. वेगावर नियंत्रण हवेच. परंतु दंडाचा धाक टिकावयाचा असेल तर दंड न्याय्य आहे अशी भावना आधी रुजली पाहिजे. चुकीचे चलन रद्द करून घेण्याचा मार्ग सुलभ नसेल, तर बरोबर असलेल्या चलनाविषयीही आदर राहत नाही. त्यातूनच दुर्लक्ष करण्याचा सहावा मार्ग लोकप्रिय होतो.

९. निष्कर्ष

पापडीहून उत्तरेस जाणाऱ्या वाहनचालकासाठी गेल्या शतकभरात सीमा अनेकदा सरकल्या. जव्हारची सीमा गेली, पोर्तुगीजांची गेली, १९६० साली गुजरातची आली. मोटार वाहन कायदा मात्र उत्तरोत्तर अधिकाधिक एकरूप होत गेला. परराज्यातील अतिवेगाचे चलन हा म्हणूनच परक्या कायद्याचा प्रश्न राहिलेला नाही. तो परक्या न्यायालयाच्या अंतराचा प्रश्न आहे. हे अंतर कमी करण्याचे साधन आता कायद्यातच उपलब्ध आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० अन्वये खटले व न्यायिक कार्यवाही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालविता येते. ज्या दूरदृश्य प्रणालीने कबुली स्वीकारली जाते तिनेच बचावही ऐकला जावा. वसईच्या चालकाने वसईच्याच न्यायालयात वा विधी सेवा केंद्रात बसून वलसाड जिल्ह्यातील न्यायाधीशांपुढे आपली बाजू मांडावी, ह्यात तांत्रिक अडचण उरलेली नाही. कबुलीची सोय आठ दशकांपूर्वी टपालाने झाली. नकाराची सोय तिच्या बरोबरीस आणणे हे ह्या कायद्याचे अपुरे राहिलेले काम होय.